फोन काढून घेऊ का, असं विचारणाऱ्या देवगडच्या आईला

देवगड तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलंय. ते थोडं आवरून इथे देते.

“बाई, माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. दहावीला ९४ टक्के होते. डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा दिली. २०२४ ला ५१२ आले, यंदा, २०२५ ला, ४३१. निकाल लागल्यापासून रात्री दोन-अडीचपर्यंत पडवीत फोन घेऊन बसतो, आमच्याकडे रेंज तिथेच येते. सकाळी दहाला उठतो. काही बोललं की अंगावर येतो. परवा आजीवर ओरडला, ताट आपटलं. आजी रडत म्हणते, ‘माझो नातू असो नव्हतो.’ ह्यांचं एकच, ‘मोबायलान वाया घालवल्यान ह्येका.’ दोन दिवस फोन काढून घेतला तर जेवलाच नाही. आम्ही त्याला काडीचं काम सांगत नाही, नुसता अभ्यास कर म्हणतो. गणपतीला मुंबईहून दीर-जाऊ येतील, त्यांची मुलगी एमबीबीएसला आहे. सगळे विचारणार. फोन कायमचा काढून घेऊ का? (एकदा म्हणाला, मी नसतो तर तुमचे पैसे तरी वाचले असते. रागात बोलला असेल.)”

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, तीही कंसात. मी तिथूनच सुरुवात करते. बाकी सगळं चार दिवस थांबेल, ती ओळ थांबणार नाही.

रागात बोलला असेलही, पण रागातलं बोलणंसुद्धा कुठून तरी आलेलं असतं. आज रात्री पडवीत त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि सरळ विचारा, “त्या दिवशी तू असं म्हणालास. जीव द्यावासा वाटतो का रे कधी?” विचारलं तर नसलेलं मनात भरेल, ही भीती मी कितीतरी आयांकडून ऐकली आहे. तसं होत नाही. कोणीतरी विचारलं या एवढ्यानेच पुष्कळ पोरांचा बांध फुटतो आणि ती बोलू लागतात. तो हो म्हणाला, किंवा काही न बोलता रडायला लागला, तर त्याला एकटं ठेवू नका. तुमची कलमांची बाग असेल तर फवारणीची औषधं घरात असणार. ती आजच कुलपात घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर. ही सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही कोणीतरी उचलतं आणि मराठीत बोलता येतं. तो बोलायला तयार नसेल तर तुम्ही लावा, आईलाही सल्ला देतात. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला लाजू नका. ताप उतरला नाही तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना.

आता ते दोन आकडे. ५१२ चे ४३१ झाले, म्हणजे पोरगा ८१ मार्कांनी घसरला, आणि घसरला तो फोनमुळे, असा हिशेब तुमच्या घरात झालेला दिसतो. हा हिशेब चुकलाय. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळवणारे देशात १७ जण होते. २०२५ चा पेपर, त्यातही फिजिक्स, असा निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च मिळाले. सगळ्यांचेच मार्क खाली आले. दोन्ही वर्षांची स्कोअरकार्डं काढा, मार्कांवर बोट ठेवून ते झाका आणि फक्त रँक वाचा. पोरगा मागे गेलेलाच नाही, पुढेच सरकलाय, असं निघण्याची शक्यता मला पुष्कळ दिसते. तसं निघालं तर ते त्याच्या वडिलांनी, त्याच्यासमोर, जेवताना मोठ्याने बोलून दाखवायला हवं. ज्या आवाजात “वाया गेला” म्हटलं, त्याच आवाजात.

आणि रँक मागे गेलेली निघाली, तरी आणखी एक हिशेब बघा. २०२५ ला परीक्षेला २२ लाखांवर मुलं बसली, त्यातली १२ लाखांवर पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आतबाहेर. पात्र ठरलेल्या दहांतल्या नऊ मुलांनाही जागा नाही. ही सगळी मुलं काय मोबाईलने वाया घालवली?

फोनचा दोष नाही असं मी म्हणत नाही. दोष आहे, आणि तो नेमका काय ते तुम्हाला ठाऊक हवं. तुमच्या किनाऱ्यावर गरवायला बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. गरी टाकली की दर खेपेला मासा लागला असता तर तासाभरात टोपली भरून माणूस घरी गेला असता. कधीच लागला नसता तरी उठला असता. पण कधी काहीच नाही, कधी फुटकळ, आणि मधेच एखादी झक्कास तांबोशी, म्हणून तो कातळावरून हलत नाही. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग करून हेच दाखवलं. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसला की कबूतर जास्त वेळ चोच मारत राहतं. रील्स अशाच आहेत. त्यात पूर्वी पान संपायचं, ‘पुढे’ म्हणून बटण दाबावं लागायचं. २००६ च्या सुमारास एका तरुण डिझायनरने पान संपूच नये अशी युक्ती काढली, आणि पुढे आपल्या हातून काय झालं याची त्याने जाहीर खंतही बोलून दाखवली. गरवणाऱ्याला निदान भरती-ओहोटी उठवते. पडवीत बसलेल्या तुमच्या मुलाला उठवायला काही नाही.

त्यात त्याने निकालाच्या रात्री कटऑफ शोधला असणार. एकदा शोधलं, थोडा वेळ बघत बसलं, की ते यंत्र तेच वाढत राहतं. पांढऱ्या कोटातली मुलं, पेढे भरवणारे आईबाप, “मी रोज सोळा तास अभ्यास केला”. त्याला वाटतं सगळं जग पास झालं आणि आपण एकटे राहिलो. नापास झालेला कोणी रील काढत नाही.

पण ताई, मोजमाप फोनने सुरू केलं नाही. ते आम्ही शिक्षकांनी सुरू केलं, आणि हे लिहिताना मला जड जातंय. मी बत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. चाचणीचे पेपर मी उतरत्या क्रमाने वाटायची. पहिला पेपर पंचवीसपैकी पंचवीस, मग चोवीस, मग तेवीस. माझ्या हातातला गठ्ठा बारीक होत जायचा तसतशी मागच्या बाकांवरची मुलं खिडकीबाहेर बघायला लागायची. एक मुलगी होती, ती नाव पुकारायच्या आधीच उठून यायची, कारण शेवटचा पेपर तिचा हे तिला माहीत झालं होतं. हसत यायची. ते हसू मला तेव्हा निगरगट्टपणाचं वाटलं होतं. दहावीनंतर ती शिकली नाही. तिने शिक्षण का सोडलं याची कारणं अनेक असतील, पण त्यातलं एक मी आहे असं मला आजही वाटतं. पोरांना “मी कितवा” हे विचारायची सवय आम्ही लावली. फोनने एवढंच केलं की वर्गातल्या चाळीस जणांच्या जागी अख्खा देश आणून बसवला, आणि शाळा सुटायची घंटाच काढून टाकली.

आपल्या कोकणात तर हे जास्तच. २०१२ मध्ये आपलं विभागीय मंडळ झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिला. २०२५ ला बारावीचा ९६.७४ टक्के. अभिमान मलाही आहे. पण जिथे शंभरातले शहाण्णव पास होतात तिथे अडखळलेल्या मुलाला वाडीत तोंड दाखवायला जागा राहत नाही, हेही खरं.

आता तुमच्या घरात दिवसभरात त्याच्याशी कोण काय बोलतं ते आठवा. वडील, “किती झाला अभ्यास?” तुम्ही, “उठलास? आता बस.” शेजारी, “मग, यंदा काय?” त्याच्या दहावीच्या मार्कांचा फोटो तुम्ही स्टेटसला ठेवला असेल, कौतुकानेच. घरच्या ग्रुपवर पुतणीचा पांढऱ्या कोटातला फोटो आला तेव्हा तुम्ही हात जोडल्याची खूण टाकली असेल, तीही मनापासून. त्याने दोन्ही पाहिलंय. वडील त्याला टॉपरचे व्हिडिओ पाठवत असतील तर ते मात्र आजच थांबवा. त्या घरात मार्क न विचारणारा एक फोनच उरलाय. म्हणून तो काढून घेतल्यावर पोरगा जेवला नाही. तुम्हाला वाटलं व्यसन. थोडं असेलही. पण त्याची लपायची जागासुद्धा तीच होती.

अंगावर येण्याबद्दल. धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं, छाती धडधडते, माणूस पळायला किंवा भांडायला सज्ज होतो. परीक्षेच्या तीन तासांपुरतं हे कामाचं आहे. दोन वर्षं शरीर त्याच तयारीत राहिलं तर साधं “चहा घेतोस का” सुद्धा हल्ल्यासारखं ऐकू येतं. वर झोप नाही. या वयात झोपेचं घड्याळ आपोआपच उशिरावर गेलेलं असतं, तो आळस नव्हे. पण फोनने ते आणखी दोन-तीन तास ढकललं, आणि दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेतच. म्हणजे वाचलेलंही वाहून जातंय आणि राग आवरण्याची ताकदही. आजीवर ओरडलेलं चूकच आहे, त्याने तिची माफी मागायलाच हवी. पण ती मागण्याआधी त्याची दोन-तीन रात्री नीट झोप होऊ द्या.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर, नाही. कायमचा काढून घेऊ नका. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून फोन हिसकावला तर तो लपवायला शिकेल. अकरा वाजले की घरातले सगळे फोन माजघरात चार्जिंगला लावायचे असं ठरवा, आणि सगळे म्हणजे सगळे, त्याच्या वडिलांचाही. पहिले आठ दिवस तो चिडेल, आडवा पडून छताकडे बघत राहील. राहू द्या. ॲपं उडवायची का, कुठली ठेवायची, हे त्यालाच ठरवू द्या. ते त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

आणि आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. “आम्ही त्याला काडीचं काम सांगत नाही” असं तुम्ही लिहिलंत. मायेने केलंत, पण दोन वर्षांत त्या घरात त्याच्यावाचून अडेल असं एकही काम उरलं नाही. लावणी त्याच्याशिवाय झाली. बागेचा हंगाम त्याच्याशिवाय गेला. घरात त्याची किंमत एकाच आकड्यावर येऊन ठेपली, आणि तो आकडा कमी आला. मग पैसे वाचले असते असं नाही तर दुसरं काय म्हणेल तो? त्याला काम सांगा. अभ्यासातून विरंगुळा म्हणून नको, खरंच गरज आहे म्हणून सांगा. लावणीसाठी भाताचा तरवा काढायला माणूस कमी असतंच. पावसात चिखलात वाकून तीन तास घालवलेला मुलगा रात्री पडवीत फार वेळ बसत नाही.

पुन्हा नीट द्यायची की नाही हे त्याच्याशी बोलून ठरवा, पण दुसरीकडच्या प्रवेशांच्या तारखा तोवर हातच्या घालवू नका. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीला त्यांचं मत्स्य महाविद्यालय आहे. तिथे जाणं ही हार नव्हे.

राहिले गणपती. जाऊबाईंना आधीच फोन करा आणि स्पष्ट सांगा, आल्यावर त्याला परीक्षेचं कोणी विचारायचं नाही. ओशाळं वाटून घेऊ नका, त्याही आई आहेत. पुतणीला मात्र त्याच्यासोबत एकटं बसू द्या. ती याच फेऱ्यातून गेली आहे, तिच्याशी तो जे बोलेल ते तुमच्या-माझ्याशी बोलणार नाही.

आणि यंदाची माटवी, गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं बांधतात ती, त्याच्याकडे द्या. कवंडळं कुठल्या गडग्यावर लागतात, हरणाची फुलं कुठे मिळतील, शेरवडं किती घ्यायचं, हे आजीला ठाऊक असणार. तिला पडवीत बसवा, ती सांगेल, तो आणेल आणि बांधेल. माफी मागायला तेवढा वेळ पुरतो. मला नाही वाटत तुम्हाला मधे पडावं लागेल.

गणपतीनंतर पत्र पाठवा, रँकचं काय निघालं तेही लिहा. आणि आज, रात्रीची जेवणं आटोपली की, पडवीत त्याच्या शेजारी.