रिंगवर चार टप्पे

मागच्या अंकात बोलता बोलता टोरंटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाच्या २०१९ च्या विजेतेपदाचं कौतुक केलं आणि पोस्टमनचं काम वाढलं. एरवी या सदराला पत्रं येतात ती उंची वाढवायची कशी आणि दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा का, अशी. या वेळी निम्मी पत्रं एकाच संघाबद्दल आहेत, तेव्हा तीच घेतो.

सर, माझा भाचा टोरंटोला असतो. २०१९ चा विषय निघाला की अजून फोनवर तासभर बोलतो. मला बास्केटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडू वरून टाकायचा. त्या वर्षी नेमकं झालं काय? — एक वाचक, कुडाळ

भाच्याला बोलू द्या, त्याचा हक्क आहे. आणि चेंडू वरून टाकायचा हे तुम्हाला कळलंय म्हणजे खेळ कळलाय. बाकीचं सगळं चेंडू तिथवर जाईपर्यंतचं भांडण.

एनबीए म्हणजे तिकडची व्यावसायिक बास्केटबॉलची लीग. तिच्यात ३० संघ. २९ अमेरिकेतले, एक कॅनडातला, तो हा. १९९५ साली सुरू झाला आणि २०१९ पर्यंत अंतिम फेरीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येकाने ८२ सामने खेळायचे. मग वरचे संघ प्लेऑफला जातात. तिथे चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. टोरंटो साखळीत चांगलं खेळायचा आणि प्लेऑफला लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलंडसमोर गळपटायचा. २०१६, २०१७, २०१८, लागोपाठ तीन वर्षं. शेवटच्या वर्षी तर ४-०. ज्या ड्वेन केसींना त्याच वर्षी लीगने सर्वोत्तम प्रशिक्षक ठरवलं, त्यांना संघाने त्याच वर्षी घरी पाठवलं. जागेवर आले त्यांचेच सहायक निक नर्स, जे एकेकाळी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या संघाला शिकवायचे. एनबीएत मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांचं ते पहिलंच वर्ष. मग जुलैत सॅन अँटोनियोशी अदलाबदल करून कवाय लेनर्डला आणलं. त्याबद्दल पुढच्या पत्रात बोलू, कारण ते एका ओळीत उरकण्यासारखं नाही.

साखळीत ५८ विजय. लेनर्डचा पाय दुखावलेला असल्याने त्याला २२ सामने बाहेर ठेवला, त्यातलेही १७ जिंकले. फेब्रुवारीत मेंफिसहून मार्क गॅसोल हा स्पॅनिश मल्ल आणला. प्लेऑफला पहिलाच सामना घरच्या मैदानावर ऑर्लँडोकडून हरले आणि 'हे तर नेहमीचंच' असं लोक म्हणायला लागले, तोवर पुढचे चार जिंकले. फिलाडेल्फियाशी सात सामने चालले. मिलवॉकीविरुद्ध ०-२ असे मागे पडले आणि मग ओळीने चार घेतले. अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणजे चार वर्षांत तीन विजेतेपदं खिशात घातलेला संघ. त्यांना ४-२. सहावा आणि शेवटचा सामना ११४-११०, ओकलंडच्या मैदानावर.

आपल्याकडे तेव्हा १४ जूनची सकाळ, साडेसहा. 'वायू' वादळ वर गुजरातकडे सरकलेलं, समुद्र खवळलेला, मासेमारीबंदीमुळे होड्या आधीच झापांखाली गेलेल्या, आणि आमच्याकडे लाइट नाही. शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर बघितलं. २१ टक्के बॅटरी होती. अशा वेळी माणसाचं स्कोअरकडे कमी आणि त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडेच लक्ष जास्त.

त्या सामन्यात मला लेनर्डपेक्षा फ्रेड व्हॅनव्लीट आवडला. सहा फुटांचा पोरगा. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, ६० नावं पुकारली, त्यात याचं नव्हतं. प्लेऑफमध्ये त्याचा हात साफ बिघडला होता, कुठूनही मारला तरी चेंडू बाहेर. मिलवॉकीच्या फेरीत त्याला मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून तीन गुणांचे फटके पडायला लागले. तिकडे याला योगायोग म्हणतात. आमच्या घरी बाळाचा पायगुण म्हणाले. शेवटच्या सामन्यात त्याने २२ गुण केले, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये. काइल लाउरी आणि कॅमेरूनचा पास्कल सियाकम, दोघांचे २६-२६.

सर, तुम्ही त्या विजेतेपदाचं कौतुक केलंत. पण नऊ वर्षं इमानाने खेळलेल्या डिमार डरोझनला विकून ते मिळवलं, हे का नाही लिहिलंत? असल्या जिंकण्यात काय अर्थ? — एक वाचक, मालवण

लिहिलं नाही, कारण टाळलं. तुम्ही बरोबर पकडलंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डरोझनला टोरंटोने २००९ साली घेतलं. संघाच्या इतिहासात सर्वांत जास्त गुण त्याचे. मोठे खेळाडू थंडीला आणि कराला कंटाळून तिथून निघायचे, हा राहिला, आणि राहणार असं म्हणालाही. लाउरी त्याचा जिवाभावाचा मित्र. १८ जुलै २०१८ ला त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं आणि बदल्यात आणला लेनर्ड, जो आदल्या मोसमात दुखापतीमुळे जेमतेम नऊ सामने खेळला होता आणि ज्याच्या करारात एकच वर्ष उरलं होतं. हा निर्णय संघाचे तेव्हाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांचा. जुगारच तो.

पुढच्या फेब्रुवारीत डरोझन पाहुणा म्हणून टोरंटोत आला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. सामना अटीतटीचा. शेवटची काही सेकंद उरली असताना चेंडू डरोझनच्या हातात होता, आणि तो काढून घेतला कोणी? लेनर्डने. काढून घेतला, एकटाच पळत गेला आणि रिंगेत कोंबला. १२०-११७. कथेत कोणी असं लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

आता अर्थ काय ते विचारता, तर मला उजिरींवर दगड मारता येत नाही. १९९४ साली मी आमच्या शाळेच्या संघाबरोबर हेच केलं आहे.

आमचा कप्तान बंदरावरचा मुलगा. तीन वर्षं रोज सकाळी सहाला मैदानावर. पावसाळ्यात मैदानाच्या जांभ्यावर शेवाळ धरायचं, ते नारळाच्या काथ्याने घासून काढायचा, मी न सांगता. त्या वर्षी जूनमध्ये एका साहेबांची बदली आमच्या गावात झाली आणि त्यांचा मुलगा नववीत आला. कोल्हापूरला खेळलेला. दोन्ही हातांनी ड्रिबल करायचा, आणि आमच्याकडे तोवर दोन्ही हातांनी फक्त जेवायला वाढत. कप्तानाचीच जागा त्याची. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी कप्तानाला बाहेर बसवलं. पाण्याचा हंडा आणि दहा जणांच्या चपला सांभाळत तो बसून राहिला. आम्ही जिंकलो, शाळेला बास्केटबॉलची पहिली ढाल. फोटोत तो कडेला आहे. फोटोवाल्याने 'जरा आत सरक' म्हटलं, तरी सरकला नाही.

पुढच्या जूनमध्ये साहेबांची बदली साताऱ्याला. मुलगा गेला. कप्तान दहावी होऊन गेलेला. आम्ही पहिल्याच फेरीत आपटलो. लेनर्डही विजेतेपदानंतर महिन्याभरात लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला, ही बातमी वाचली तेव्हा मला साताऱ्याची एस.टी. दिसली.

तो कप्तान आज आंब्याचा बागायतदार आहे. दर वर्षी एक पेटी येते, चिठ्ठी नसते. परवा न राहवून विचारलंच, तेव्हा तुझ्यावर अन्याय केला ना रे मी? म्हणाला, "सर, माझो पाय दुखत होतो तेव्हा." त्याचा पाय दुखत नव्हता. हे त्याला माहीत आहे, आणि मलाही.

ढाल अजून शाळेच्या कपाटात आहे. परत तसा प्रसंग आला तर? बहुधा तेच करीन. आणि फोटोवाल्याकडे बघणार नाही.

सर, मी नववीत आहे. लेनर्डचा तो बॉल रिंगवर चार वेळा उडून आत कसा गेला? माझा एकदाच आपटतो आणि बाहेर जातो. — एक विद्यार्थी, वेंगुर्ला

बाळा, फार चांगला प्रश्न. आधी प्रसंग सांगतो. फिलाडेल्फियाविरुद्ध सातवा सामना, १२ मे २०१९. आपल्याकडे १३ तारखेची सकाळ. ९०-९० बरोबरी, ४.२ सेकंद बाकी. लेनर्ड चेंडू घेऊन उजव्या कोपऱ्यापर्यंत धावला. अंगावर जोएल एम्बीड, सात फूट उंच, हात वर केले की माडच. त्याच्या बोटांवरून काढायचा म्हणून लेनर्डने चेंडू नेहमीपेक्षा खूप उंच फेकला. भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. रिंगवर एक, दोन, तीन, चार. मग आत. ९२-९०. सातव्या सामन्याचा निकाल भोंग्यावरच्या फटक्याने लागायची एनबीएतली ती पहिलीच वेळ.

माझ्या घरात त्या वेळी आंबे भरायचं काम चाललं होतं. पेंढ्याची मूठ हातात धरून बायको टीव्हीसमोर उभी. तिसऱ्या टप्प्याला ती म्हणाली, "गेलो!" म्हणजे बाहेर. चौथ्यानंतर पुन्हा म्हणाली, "गेलो!" म्हणजे आत. आपल्या बोलीची ही सोय.

आता कारण. रिंगचा आतला व्यास साधारण ४५ सेंटिमीटर, चेंडूचा २४. म्हणजे जागा भरपूर आहे, पण वरून बघितलं तर. चेंडू सपाट आला तर त्याला ते गोल भोक चपटं दिसतं. उंचावरून आला तर पूर्ण गोल. लेनर्डचा खूप उंचावरून खाली आला, त्यामुळे पुढे जायचा जोर थोडाच उरला होता आणि टप्पे वरच्या वर पडले. दुसरं, चेंडूला उलटी फिरकी होती. बोटांच्या टोकांवरून सोडला की ती मिळते. उलटा फिरणारा चेंडू रिंगला लागला की पुढची धाव मरते. तुझा तळव्यातून सुटत असणार. घरी खाटेवर उताणा पड आणि चेंडू सरळ वर फेकून पुन्हा हातात यायला हवा, असं रोज ५० वेळा कर. नाकावर पडला तर समज, तळवा लागला.

आणि नशीब म्हणशील, तर तेही आहे. २००१ साली याच फिलाडेल्फियाविरुद्ध, सातव्याच सामन्यात, टोरंटोच्या व्हिन्स कार्टरने शेवटचा फटका मारला होता. तो बाहेर गेला. एका गुणाने हरले.

गोल्डन स्टेटचे केव्हिन ड्युरांट आणि क्ले थॉम्पसन जखमी झाले नसते तर टोरंटो जिंकलं असतं का? — एक वाचक, रत्नागिरी

कदाचित नसतं. पण २०१५ साली गोल्डन स्टेट जिंकले, तेव्हा समोरच्या क्लीव्हलंडचे आयर्विंग आणि लव्ह जखमी होऊन बाहेर होते. तेव्हा कोणी करंडक परत पाठवल्याचं ऐकलं नाही.

सर, आमच्या तालुक्यात एका शाळेत एकच मुलगी आहे जी कुठूनही बास्केट करते. बाकीच्या साधारण. आम्ही दर वर्षी तिच्याकडूनच हरतो. काय करू? — संघाची कप्तान, दापोली

तुझ्यासाठी अंतिम फेरीतलीच युक्ती आहे, 'बॉक्स अँड वन'. चौघींनी रिंगसमोर चौकोन धरायचा आणि पाचवीने त्या एकीच्या सावलीसारखं मागे लागायचं. चेंडू कुठेही असो, हिची नजर तिच्यावरच. निक नर्सनी दुसऱ्या सामन्यात वॉरियर्सच्या स्टेफ करीवर हेच लावलं, व्हॅनव्लीटला त्याच्यामागे सोडून. मोठमोठे जाणकार हसले, कारण हा डाव शाळेतला, व्यावसायिक खेळात सहसा कोणी वापरत नाही. पण थॉम्पसन दुखावून बाहेर होता, म्हणजे करीशिवाय हमखास मारणारा कोणी नव्हता. वॉरियर्सना शेवटची पाच मिनिटं काही सुचेना.

तरी तो सामना टोरंटो हरलं, हे लक्षात ठेव. सगळे करीकडे धावले, आंद्रे इग्वोडाला हा वॉरियर्सचा खेळाडू एकटा राहिला आणि त्याने तीन गुणांचा मारला. म्हणून पूर्ण सामनाभर हा डाव लावू नकोस. तीन-चार मिनिटं लाव, त्यांना समजायला लागलं की सोड, शेवटी पुन्हा लाव. पाठलाग करणारी दर वेळी बदल, नाहीतर ती दुसऱ्या क्वार्टरलाच धापा टाकेल. आणि तिच्याशी भांडायचं नाही हं. तुमच्यापैकी कोणी तिच्याइतका सराव करतं का, तेही बघ.

सर, मी क्रीडाशिक्षक आहे. खाऱ्या हवेने रिंगची जाळी एक पावसाळा टिकत नाही. दर वर्षी नवीन मागितली की मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहतात. काही उपाय? — गुहागर

बंदरावर जा. मासेमारीच्या जाड नायलॉन सुताची जाळी विणून घ्या, तीन-चार वर्षं मरण नाही. हुक लोखंडी नकोत, स्टीलचे घ्या. रिंग गंजत असेल तर मे महिन्यात घासून होडीचा रंग द्या. रिंग तीन मीटर पाच सेंटिमीटरवर आहे का, तेही त्याच वेळी मोजा. आमची चार बोटं खाली होती आणि आम्ही स्वतःला नेमबाज समजत होतो.

एकच काळजी घ्या. विणणाऱ्याला नीट समजावून सांगा. आमच्या कप्तानाच्या वडिलांनी पहिली जाळी दिली ती इतकी सुबक की मी तिथल्या तिथे टांगली. पहिला चेंडू आत गेला आणि आतच राहिला. हाताच्या सवयीने त्यांनी तळ बांधून दिला होता. डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ या कॅनडातल्या माणसाने पीचच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांनाही तळ होता आणि चेंडू शिडी लावून काढावा लागे. आम्ही काठीने काढला. ते म्हणाले, "सर, मासळी पडान नाय म्हणान बांधलंय."