हाताच्या उदोनचं ताट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सानुकि उदोनच्या (जपानमधल्या कागावाच्या, गव्हाच्या जाड नूडलच्या) बाबतीत ‘कोशि’ हा शब्द सारखा कानावर येतो. कोशि म्हणजे नूडल थोडी कच्ची ठेवायची का? आणि ती कळावी म्हणून पहिल्यांदा काय मागवावं?

कच्ची मुळीच नाही. उदोन आतपर्यंत पूर्ण शिजलेली असते. शिजताना बाहेरचा थर भरपूर पाणी पितो, गाभ्यापर्यंत मात्र त्या मानानं कमी पोचतं. त्यामुळे दात आधी मऊ थरात रुततो, मग आतून उलट दाब जाणवतो आणि शेवटी नूडल तुटते. हीच कोशि. नुसत्या कडकपणाला कोशि म्हणत नाहीत. पांढरा, पिठूळ गाभा दिसला तर ती नूडल कमी शिजलेली, एवढंच.

पाण्यातला हा फरक टिकत नाही. नूडल ठेवली की ओल आतबाहेर सारखी होत जाते आणि कोशि उतरते. गरम रश्शात तर ते आणखी लवकर होतं. म्हणून फोटो वगैरे नंतर.

पहिल्यांदा जात असाल तर ‘झारु’ किंवा थंड ‘बुक्काके’ घ्या. झारुत धुतलेली थंड नूडल जाळीवर येते आणि त्सुयुत, म्हणजे सोया सॉस घातलेल्या दाट खारट रसात, बुडवून खायची असते. बुक्काकेत तोच दाट त्सुयु थोडासा वरून ओततात. गार पाण्यात चोळून धुतल्यानं वरचा चिकट स्टार्च निघून जातो, शिजणं तिथंच थांबतं आणि कोशि सगळ्यात स्पष्ट कळते. ‘कामाआगे’ याच्या उलट: भांड्यातून काढून, न धुता, गरम पाण्यासकट लाकडी घंगाळात येते. ती मऊ लागते, गव्हाचा वास मात्र तिलाच जास्त. घंगाळातलं पाणी म्हणजे सूप नव्हे. त्यात त्सुयु ओतू नका. तीन-चार नूडल उचलून वेगळ्या वाटीतल्या त्सुयुत बुडवा. मोठा झुबका बुडवला की पाणी सोबत येतं आणि चौथ्या घासाला त्सुयु फिका पडतो.

‘काके’ म्हणजे रश्शातली उदोन. कागावातल्या काही दुकानांत तुम्हाला ‘हियाआत्सु’ की ‘आत्सुआत्सु’ असं विचारतील. प्रत्येक शब्दाचा पहिला भाग नूडलचा, दुसरा रश्शाचा: ‘हिया’ म्हणजे थंड, ‘आत्सु’ म्हणजे गरम. हियाआत्सु म्हणजे थंड नूडलवर गरम रस्सा. आमचं मत विचाराल तर काकेत हीच मागवा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. कागावाला गेलो तर काय खाता येईल?

नूडलमध्ये पीठ, मीठ आणि पाणी एवढंच असतं. अडचण रश्शाची. तिथल्या दाशिचा, म्हणजे रश्शाच्या मूळ अर्काचा, कणा म्हणजे ‘इरिको’, उकळून वाळवलेली छोटी मासळी. जोडीला कोंबु हे समुद्री शेवाळ आणि बहुधा कात्सुओबुशि, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे. झारु आणि कामाआगेचा त्सुयु किंवा बुक्काकेवरचा रस, सगळ्यांत दाशि असतेच. ‘कित्सुने’ या उदोनवरचं तळलेलं टोफू दिसायला निरुपद्रवी, पण तेही दाशितच शिजवतात. तेम्पुराच्या (जपानी भज्यांच्या) पिठात अंडं असू शकतं आणि भोपळा त्याच तेलात तळतात ज्यात कोळंबी तळली.

वाट उरते ‘किजोयु’ची: धुतलेली नूडल, वर किसलेला मुळा, कांद्याची पात, आलं, लिंबूवर्गातलं सुदाचि आणि सोया सॉस. इथंही बाटली बघूनच ओता, कारण बऱ्याच ठिकाणी ‘दाशिजोयु’ म्हणजे दाशि मिसळलेला सॉस ठेवलेला असतो. ‘साकाना नो दाशि वा हाइत्ते इमासु का?’ (माशाची दाशि आहे का?) असं विचारा. सॉस घालतानाही सगळा एकदम ओतू नका. गोलगोल एक फेरी, ढवळा, चव बघा.

बकव्हीटची (कुट्टूची) अॅलर्जी असेल तर एकाच भांड्यात सोबाही, म्हणजे बकव्हीटची नूडल, उकळतात का, हे आधी विचारा.

प्रश्न: सेल्फ सर्व्हिसच्या दुकानात रांग पुढे सरकते आणि आम्ही गोंधळतो.

ट्रे घ्या आणि आधी प्रमाण सांगा. लहान-मध्यम-मोठं याचा अर्थ दुकानागणिक बदलतो, म्हणून सरळ ‘हितोतामा’ (एक गुंडी) किंवा ‘फुतातामा’ (दोन) म्हणा. काही दुकानांत नूडल तुम्हालाच दांड्याच्या जाळीत घालून गरम पाण्यात काही सेकंद बुडवायची असते. नीट झटका, नाहीतर रस्सा पाणचट होतो. पुढे तेम्पुरा, मग पैसे, मग रस्सा आणि पात-आलं. ताटं स्वतःच परत ठेवायची. सकाळीच जा. नूडल संपली की दुकान बंद.

प्रश्न: घरी केलेली उदोन लाटताना आखडते, नाहीतर रबरासारखी होते. चूक कुठं?

आखडते कारण गोळ्याला विश्रांती मिळालेली नसते. ‘सानुकिची अस्सल’ अशा लेबलाच्या नियमांतही पाणी पिठाच्या किमान 40 टक्के, मीठ किमान 3 टक्के आणि गोळा मुरवणं किमान 2 तास, असं आहे. रबर होण्याचा दोष बहुतेक वेळा पावाच्या पिठाचा. 8 ते 10 टक्के प्रथिनांचं मध्यम पीठ घ्या.

500 ग्रॅम पिठाला 225 ग्रॅम पाणी, त्यात 25 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून. पाणी तीन वेळा घाला, बोटांच्या टोकांनी फिरवत रवाळ करा. गोळा कोरडा वाटेल, तरी पाणी वाढवू नका. पिशवीत घालून अर्धा तास ठेवलात की ओल आपोआप पसरते. मग पिशवीवर टाचांनी तुडवा, पसरलं की घडी घालून पुन्हा, असं चार-पाचदा. 2 तास मुरवा. उन्हाळ्यात गोळा सैल पडतो, मीठ 30 ग्रॅम करा. थंडीत 20 पुरे. जुन्या कारागिरांचं ‘दोसान कानरोकु’ हेच सांगतं: भर उन्हाळ्यात मिठाच्या एका मापाला तीन मापं पाणी, कडक थंडीत सहा. आताचं प्रमाण बरंच सौम्य, तत्त्व तेच.

3 मिलिमीटर जाड लाटा, स्टार्च भुरभुरवून घडी घाला आणि तेवढ्याच रुंदीनं कापा. सुरी ओढू नका, सरळ खाली दाबा. ओढली की कडा चिरडून घड्या चिकटतात. पाणी नूडलच्या किमान दहापट हवं आणि त्यात मीठ नको, कारण नूडलमधलं बरंचसं मीठ उकळताना बाहेर येतं. 10 ते 13 मिनिटं उकळा. एक नूडल काढून गार पाण्यात बुडवून चावून बघा, गरम असताना कोशिचा अंदाज येत नाही. मग वाहत्या पाण्यात बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळून धुवा.