बुटातला सेन्सर खरं बोलतो का?

प्रश्न : लकव्यानंतर पुन्हा चालायला लागलेल्या रुग्णांसाठी बुटाला लावायचा सेन्सर घेतला आहे. ॲपवर पावलांची संख्या आणि लांबी दिसते. मोठी प्रयोगशाळा हाताशी नाही. आकडे तपासायचे कसे? (फिजिओथेरपिस्ट, मिरज)

उत्तर : १४ मीटरचा सपाट पॅसेज पुरेल. दोन्ही टोकांचे २-२ मीटर वेग धरायला आणि थांबायला ठेवा, मोजणी मधल्या १० मीटरची करा. ॲप फक्त एकूण आकडा देत असेल, तर मात्र उभं राहिल्यापासून थांबेपर्यंतची सगळी पावलं मोजा. मदतनीसाने बाजूने चालत फक्त पायांचं चित्रीकरण करावं. सुरुवातीला बुटावर हाताने तीन चापट्या मारा. सेन्सरच्या आलेखात त्यांचे तीन सुळके उमटतात आणि व्हिडिओशी वेळ जुळवता येते.

नुसती बेरीज ताडून थांबू नका. ६ पावलं सुटली आणि पाय हलवल्याची ६ खोटी धरली गेली, तरी बेरीज तंतोतंत जुळते! सुटलेली आणि खोटी वेगवेगळी लिहा. निरोगी माणसावर छान चालणारा सेन्सर हळू, पाय ओढत चालणाऱ्यापाशी अडखळतो, कारण टाच आपटल्याचा धक्काच क्षीण असतो. म्हणून चाचणी तुमच्याच रुग्णांवर, त्यांच्याच वेगाने हवी. आधाराला एक माणूस शेजारी ठेवाच.

लांबीसाठी दोन्ही टाचांच्या मागच्या कडेला ओला खडू घासा आणि फरशीवर एका पायाच्या खुणेपासून दुसऱ्या पायाच्या खुणेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. (कोरडी भुकटी नको, रुग्ण घसरेल.) टेप ६० सेंमी आणि ॲप १२० सेंमी म्हणत असेल, तर ॲप बहुधा त्याच पायाची टाच पुन्हा टेकेपर्यंतचं अंतर देतंय.

लांबी चुकते ती का? सेन्सर त्वरणावरून वेग आणि वेगावरून अंतर काढतो. त्वरणात ०.१ मी./से.² एवढी कायमची चूक असेल, तर ०.४ सेकंदाच्या एका झेपेत ८ मिमीचा फरक पडतो. तीच चूक मिनिटभर साचू दिली तर १८० मीटरचा! म्हणून पाय जमिनीवर स्थिर असताना दर वेळी हिशेबातला वेग शून्यावर आणतात. ओढला जाणारा पाय धड स्थिर होतच नाही, तिथे हा हिशेब बिघडतो.

निकालात सहसंबंध गुणांक (दोन मोजमापं किती एकसारखी चढतात-उतरतात ते सांगणारा आकडा) देऊन मोकळं होऊ नका. प्रत्येक लांबी १० टक्के कमी दाखवणाऱ्या सेन्सरचाही तो १ येतो. १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी मांडलेली रीत वापरा: फरकांची (ॲप वजा टेप) सरासरी, अधिक-उणे १.९६ गुणिले प्रमाण विचलन (फरक सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप). सरासरी −२ आणि विचलन ३ सेंमी असेल, तर बहुतेक वाचनं ८ सेंमी कमी ते ४ सेंमी जास्त या पट्ट्यात येतील. रुग्णाची सुधारणाच ५ सेंमीची असेल, तर असला सेन्सर ती एका फेरीत ओळखू शकणार नाही.

प्रश्न : दाब मोजणारा इनसोल (बुटाच्या आत घालायचा तळवा) तासाभराने पाय उचललेला असतानाही दाब दाखवतो. बिघडला का? (वाचक, नाशिक)

उत्तर : बहुधा नाही. उष्णता, घाम आणि सततच्या भाराने पातळ दाब-सेन्सरचं शून्य सरकतं. आवळलेल्या लेसचाही दाब पडतो. लेस बांधून १० मिनिटं चाला, मग पाय अधांतरी धरून शून्य लावा. लेस सोडली की पुन्हा तेच.

प्रश्न : आईची दिवसभराची पावलं फारच कमी दिसतात. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : सेन्सर बुटात, बूट दाराबाहेर आणि आई घरात अनवाणी. घरातली पावलं हवी असतील, तर घोट्याला पट्ट्याने बांधायचा सेन्सर घ्या.