चाळीस माणसांच्या कंपनीला वेगळा डीबीए लागतो का?

सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं, डेटाबेस दोन डेव्हलपर बघतात, आता सगळं क्लाउडवर न्यायचं चाललंय, मग ‘नुसता बसून राहणारा’ डीबीए (डेटाबेस सांभाळणारा माणूस) कशाला ठेवायचा, असं तुम्ही विचारलंय. ‘नुसता बसून राहणारा’ हे शब्द मला २०१७ साली तोंडावर ऐकवले गेलेत, म्हणून लिहितोय.

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सहा वर्षं डीबीए होतो. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर, एकच मोठा डेटाबेस, खरेदीपासून डिस्पॅचपर्यंत सगळं त्यावर. अप्रेझलला अकाउंट्सचे साहेब म्हणाले, "वर्षभरात सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. मग तुम्ही करता काय?" दोन महिन्यांनी ‘हे आता आयटीची मुलं बघतील’ म्हणून माझी जागाच काढून टाकली. निघताना चार पानी नोट लिहून दिली, तिच्यावर पोच म्हणून सही घेतली. ती झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे.

२०१९ च्या मार्चअखेरचा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. डिस्पॅचच्या पोराचा फोन. "सर, बिलं निघेनात, गेटवर गाड्या उभ्या आहेत." एरर ९००२, म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी फाइल) भरला. ही सर्दी आहे, कॅन्सर नव्हे. म्हटलं कशाला हात लावू नका, मी निघतो. पिंपरीच्या पुलाखाली असतानाच परत फोन आला. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या व्हेंडरकडच्या मुलानं डिस्क भरली म्हणून सर्वांत मोठी फाइल शोधली होती. सर्व्हिस बंद होईना तर टास्क मॅनेजरमधून मारली आणि ती एलडीएफ, म्हणजे लॉगचीच, फाइल शिफ्ट-डिलीट केली. सर्व्हर चालू केला तर डेटाबेस ‘रिकव्हरी पेंडिंग’, म्हणजे उघडेचना.

त्या मुलाला मी दोष देत नाही. लॉग ही काही रद्दी नसते, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

बॅकअप कुठाय विचारलं. माझ्या वेळी दर पंधरा मिनिटांनी लॉगचा बॅकअप व्हायचा. ‘या ट्रन फाइल्सनी जागा भरते’ म्हणून कुणीतरी तो जॉब बंद केला होता. रिकव्हरी मॉडेल मात्र ‘फुल’च, म्हणजे लॉगचा बॅकअप होईपर्यंत त्यातलं काही पुसायचं नाही. रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतला म्हणजे लॉग आपोआप रिकामा होतो असा बऱ्याच जणांचा समज असतो. होत नाही. लॉगचा बॅकअप नसेल तर तो फुगतच जातो. बॅकअप ज्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर) जायचे तो सीसीटीव्हीच्या फुटेजला देऊन टाकलेला, म्हणून पूर्ण बॅकअपही त्याच डी ड्राइव्हवर. तिथे जागा संपली आणि ११ मार्चपासून तोही फेल. फेल झाल्याचा मेल रोज रात्री इमानेइतबारे जात होता. कुणाला? मला. कंपनीतल्या माझ्या बंद केलेल्या मेल आयडीवर.

डेटाबेस इमर्जन्सी मोडमध्ये घेऊन रिपेअर चालवला. डेटा जाऊ शकतो हे त्या कमांडच्या नावातच लिहिलंय. सात बिलं अशी निघाली की वरचा भाग आहे, खाली मालाच्या ओळीच नाहीत. रविवारभर ई-वे बिलाच्या (मालवाहतुकीच्या सरकारी परवान्याच्या) पोर्टलवरून एकेक जुळवत बसलो. महाराष्ट्रात राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या आतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळे उरलेली वॉचमनच्या गेट रजिस्टरवरून. त्याच्या दोनेक वर्षं आधी गिटलॅबचं (प्रोग्रामरांचा कोड साठवणारी कंपनी) असंच झालं होतं. जानेवारी २०१७ मध्ये चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली, बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही धड चालत नव्हती. बॅकअप फेल झाल्याचे मेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी सहा तास जुन्या स्नॅपशॉटवर (डेटाच्या नकलेवर) भागवलं. तिथली माणसं काय कमी हुशार होती? तेव्हा ‘आमचे डेव्हलपर हुशार आहेत’ हे मला सांगू नका.

आता तुमचं. पूर्णवेळ डीबीए? चाळीस माणसांत नको, खरंच बसून राहील. पण डेटाबेस एका माणसाच्या नावावर हवा. दोघे बघतात म्हणजे कुणीच बघत नाही. महिन्यातून दोन दिवस येणारा बाहेरचा अनुभवी माणूस धरा आणि तीन महिन्यांतून एकदा त्याच्याकडून बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून घ्या, तुमच्यासमोर. आणि त्याला ‘तुम्ही करता काय’ असं विचारू नका.

क्लाउडचं म्हणाल तर ॲमेझॉनच्या आरडीएससारख्या तयार डेटाबेस सेवेत बॅकअप, पॅचिंग बऱ्यापैकी सुटतं, हे कबूल. पण तिथले आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. ऑडिटला मागच्या वर्षीचा डेटा मागितला की काय करणार? इन्स्टन्स, म्हणजे तिथला डेटाबेस सर्व्हर, डिलीट करताना बॅकअप ठेवायची खूण केली नाही तर तेही सोबत जातात. रडतखडत चालणारी क्वेरी तर ॲमेझॉन सुधारून देत नाहीच, मोठं मशीन घ्या म्हणतं.

मी स्वतः डीबीए आहे, तेव्हा माझं म्हणणं थोडं कमी करून वाचा. तुमचा डेटा पाच-दहा जीबीचा असेल आणि एक दिवस जुन्या डेटावर काम भागत असेल, तर वर लिहिलेल्यातलं निम्मं विसरलात तरी चालेल.

त्या दोन दिवसांचं बिल मी सोमवारी पाठवलं. साहेबांचा फोन आला, रविवारचा दर वेगळा का लावलाय म्हणून.