लाकडी पलंग कूस बदलली की करकरतो, काय करावं?
गादी उतरवा. एकाने पलंग हलवायचा, दुसऱ्याने कोपऱ्यांना कान लावायचा. बहुतेकदा आवाज उशाकडची फळी आणि बाजूची पट्टी जुळते तिथून येतो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, बोल्ट ढिले पडतात, पान्याने आवळा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर गुल काढलेल्या दोन-तीन काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा. आडव्या फळ्या किंवा प्लाय घासत असेल तर तिथे मेणबत्ती चोळा, नाहीतर जुन्या चादरीची पट्टी घाला. खोबरेल तेल मात्र नको. आमच्याकडे तो प्रयोग झालाय: करकर चार दिवसांत परत आली, गादीवरचा डाग अजून आहे. आणि हो, एखादा पाय अधांतरी असेल तर खाली पुठ्ठ्याची घडी सारा.