रेम्ब्रांटने 'सिक्सचा पूल' खरंच मस्टर्ड येईपर्यंत काढला होता का?

तुम्ही ऐकलेली गोष्ट अशी: डच चित्रकार रेम्ब्रांट हा यान सिक्स या मित्राच्या गावाकडच्या घरी जेवायला बसला, टेबलावर मस्टर्ड नव्हतं, नोकर आणायला गावात गेला. तो परतायच्या आत चित्र पुरं करतो अशी पैज लागली आणि रेम्ब्रांटने जिंकली.

हे चित्र म्हणजे एचिंग, तांब्याच्या प्लेटवर रेखाटून, आम्लाने कोरून कागदावर छापलेलं. मी कॉलेजात एचिंग शिकलो, अजूनही अधूनमधून एखादी प्लेट करतो. त्या हिशेबाने मला ही गोष्ट अर्धीच पटते.

चित्र जेमतेम १३ बाय २२ सेंटिमीटरचं. लाकडी पूल, कठड्याशी दोन माणसं, दोन किडकिडीत झाडं, शिडाची होडी, दूर चर्चचा मनोरा. आकाश म्हणजे नुसता कोरा कागद. एरवी रेघांवर रेघा चढवून तो जो काळोख करतो, तो इथे जवळजवळ नाहीच. झाडांची पानं तर भराभर ओढलेले वळसे आहेत. एचिंगमध्ये सुई मेणाच्या थरावरून पेनासारखी पळते, तांबं खणायचं काम आम्ल करतं. थर दिलेली प्लेट सोबत असली, तर एवढं रेखाटायला त्या हाताला अर्धा तास पुष्कळ झाला.

पण प्लेट रेखाटली म्हणजे चित्र झालं असं नाही. मागची बाजू वार्निशने झाकायची, प्लेट आम्लात सोडायची, रेघांवर बसणारे बुडबुडे पिसाने हलवत राहायचं, थर काढायचा, शाई भरायची, पुसायची, कागद भिजवायचा, मग प्रेस. आमची यात अख्खी दुपार जायची, आणि प्रिंट उचलल्यावर कळायचं की सही उलटी उमटलीय!

शिवाय रेम्ब्रांटने ही प्लेट पुन्हा हातात घेतली होती. पहिल्या छापांत पुलावरच्या दोघांच्याही टोप्या पांढऱ्या आहेत, नंतर एकीवर रेघा आल्या, मग दुसरीवरही.

चित्र १६४५चं, रेम्ब्रांट गेला १६६९ला, आणि ही गोष्ट छापली गेली १७५१मध्ये, जेर्सँ नावाच्या फ्रेंच चित्रविक्रेत्याच्या सूचीत. जागा आम्स्टेल नदीकाठची, औडरकर्क गावाजवळची, आणि तिथली इस्टेट सिक्सची नव्हतीच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पुलाला सिक्सचं नाव चिकटलं तेही या मस्टर्डमुळेच.

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र मोठं करून बघा. आधी टोप्या शोधा.