आधी नदी, मग राजवाडे: आंब्वाझबद्दल तुमचे प्रश्न

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या डाव्या तीरावर आंब्वाझ नावाचं जेमतेम बारा-तेरा हजार वस्तीचं गाव आहे. टेकाडावर राजवाडा, त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या दगडाची घरं आणि समोर हजार किलोमीटरहून लांब वाहणारी, फ्रान्समधली सर्वांत मोठी नदी. शिकायला म्हणून त्या भागात राहिले आणि तेव्हापासून हे गाव मनात घर करून आहे. त्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींना आज उत्तरं देते.

प्रश्न : आम्ही दोघंही साठी ओलांडलेली. पॅरिसहून एका दिवसात शांबोर, शनाँसो आणि आंब्वाझ असे तीन राजवाडे दाखवणारी बस आहे. घ्यावी का? माझे गुडघे दुखतात. (पुणे)

घेऊ नका. त्या दिवसातले निम्मे तास बसच्या खिडकीत जातील आणि रात्री फोटो पाहताना कुठला जिना कुठल्या राजवाड्यातला हे आठवणार नाही. त्याऐवजी आंब्वाझला दोन रात्री मुक्काम करा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून थेट गाडीनं साधारण दोन तास लागतात. मोंपार्नासहून वेगवान गाडीनं सँ-पिएर-दे-कोरला उतरून लोकल गाडी बदलली तरी चालतं. स्टेशन नदीच्या उजव्या तीरावर आहे, गाव डाव्या. मधल्या बेटावरून जाणारा पूल चालत ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सामान जड असेल तर टॅक्सी करा, पण एकदा तरी तो पूल पायी ओलांडा. राजवाड्याचं खरं दर्शन तिथूनच होतं.

गुडघ्यांसाठी एक चांगली बातमी. या राजवाड्याच्या जाडजूड बुरुजांत पायऱ्यांऐवजी गोल फिरत वर जाणारा रुंद उतार आहे. घोडेस्वारांना आणि गाड्यांना नदीकाठावरून थेट वरच्या गच्चीपर्यंत येता यावं म्हणून तो बांधला. चढ आहेच, पण थांबत थांबत जाता येतं. आठवा चार्ल्स हा राजा इथेच १४७० मध्ये जन्मला आणि १४९८ मध्ये इथेच गेला. खेळ बघायला घाईनं निघाला असताना एका ठेंगण्या दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं, काही तासांत प्राण गेला. वय सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी फक्त शनाँसो करा. शेर नदीवर कमानी टाकून तिच्यावर दालन बांधलेला तो राजवाडा आहे. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. शांबोर पुढच्या खेपेला ठेवा.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची. राजवाडे म्हटलं की तोंडं वाकडी करतात. त्यांना तिथे काय दाखवू? (ठाणे)

त्यांना सांगा, मोनालिसा आधी इथे आली, पॅरिसला नंतर गेली. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, इटलीहून आल्प्स ओलांडून इथे आला तेव्हा त्याच्या सामानात ते चित्र होतं. पहिल्या फ्रान्स्वा राजानं त्याला राजवाड्यापासून चालत दहा मिनिटांवर घर दिलं, भरघोस तनखा दिला आणि काम असं काही बांधून दिलं नाही. ते घर म्हणजे क्लो ल्यूसे. २ मे १५१९ रोजी तो तिथेच वारला. राजाच्या मिठीत त्यानं प्राण सोडला अशी चित्रं तुम्ही पाहिली असतील, पण त्या वेळी दरबार पॅरिसजवळ सँ-जर्मँमध्ये होता.

घर मोठ्यांनी पाहावं. मुलांना मात्र थेट मागच्या बागेत न्या. लिओनार्दोच्या वह्यांतली यंत्रं तिथे खऱ्या आकारात उभी केली आहेत : हवेत वर चढणारा मळसूत्री पंखा, चिलखती गाडी, फिरता पूल. काहींना हात लावून फिरवता येतं. झाडांमधून एक दुमजली लाकडी पूल जातो. तिथं मुलं रमली की तासभर तरी तुम्हाला विचारत नाहीत.

राजवाड्याच्या आवारात सँत-ह्युबेर नावाचं चिमुकलं देऊळघर आहे, तिथे लिओनार्दोची समाधी आहे. त्याला आधी पुरलं ते चर्च पुढे पाडलं गेलं. १८६३ मध्ये त्या जागी खोदकाम झालं आणि त्याच्या मानल्या गेलेल्या अस्थी इथे आणल्या. ‘मानल्या गेलेल्या’ हा शब्द मुलांना जरूर समजावून सांगा. माझ्यासोबत आलेल्या एका दहा वर्षांच्या पोरानं त्यावरून अर्धा तास प्रश्न विचारले होते.

प्रश्न : मी नाशिकचा, नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. सप्टेंबरमध्ये चार दिवस सायकलवर ल्वारकाठ करायचा आहे. कसा आखू?

सप्टेंबर उत्तम. ‘ल्वार आ व्हेलो’ हा सायकलमार्ग सुमारे नऊशे किलोमीटरचा आहे. त्याचा बराचसा भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय मार्ग ६ मध्ये येतो, म्हणजे पाट्या जागोजागी मिळतील. चार दिवसांत ब्ल्वाहून निघा. शोमाँला टेकडीवरचा राजवाडा आणि त्याच्या बागांचा वार्षिक महोत्सव पाहा (१९९२ पासून भरतो आणि शरद ऋतूपर्यंत चालतो), मग आंब्वाझला दोन रात्री राहा आणि शेवटी तूर गाठा. मधल्या दिवशी सामान खोलीवर ठेवून जंगलातून शनाँसोला जाऊन या. येताना शाँतलूचा पगोडा वाटेत घ्या. अठराव्या शतकातला ४४ मीटर उंच मनोरा आहे. तो ज्या महालाच्या बागेत उभा होता तो महाल केव्हाच नाहीसा झाला, मनोरा तेवढा उरला.

आता वाऱ्याचं सांगते, कारण हे कुणी आधी सांगत नाही. तुम्ही नदीबरोबर पश्चिमेला जाणार, त्यामुळे उतार आपल्या बाजूनं असेल असं वाटतं. उतार जाणवण्याइतका नसतोच. वारा मात्र बहुतेकदा समुद्राकडून, म्हणजे समोरून येतो. सकाळी लवकर निघा. याच वाऱ्यावर एके काळी इथला व्यापार चालायचा. सपाट तळाच्या होड्या प्रवाहाबरोबर खाली जायच्या आणि परतताना चौकोनी शीड उभारून पश्चिमेच्या वाऱ्यानं उलट्या प्रवाहात वर यायच्या. वारा पडला की नावाडी दिवसेंदिवस काठावर बसून राहायचे. १८४६ मध्ये ओर्लेआँ-तूर रेल्वे आली आणि हळूहळू ती शिडं मिटली.

मार्ग पुष्कळ ठिकाणी पूर अडवणाऱ्या जुन्या बांधांवरून जातो. गोदावरीकाठी वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको : वाटेतल्या गावांत घरांच्या आणि पुलांच्या भिंतींवर कोरलेल्या रेघा शोधा. १८४६, १८५६ आणि १८६६, वीस वर्षांत तीन महापूर. आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी कुठवर चढलं ते सांगतो, तसं तिथली माणसं या रेघांकडे बोट दाखवतात. एका भिंतीवर मी हात उंचावून पाहिला, सर्वांत वरची रेघ माझ्या बोटांच्याही वर होती. मागे वळून पाहिलं तर नदी दूर वाळूतून चार धारांत वाहत होती, गुडघाभर पाण्यात बगळे उभे होते.

मुक्कामाला ‘आक्यई व्हेलो’ अशी पाटी असलेली जागा बघा. सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीचं सामान तिथे मिळतं. दमलात तर लोकल गाडीत सायकल चढवता येते.

प्रश्न : नदीत पोहता येतं का? फोटोत वाळवंटं छान दिसतात. (सांगली)

नाही. कृपया उतरू नका. कृष्णेत पोहायला शिकलेल्यांना हे पटायला जड जातं, म्हणून कारण सांगते.

ल्वारची वाळू एका जागी थांबत नाही. आज घोट्याएवढं पाणी असलेल्या जागी चार दिवसांनी डोह असू शकतो. वाळूच्या पट्ट्याची कड प्रवाहानं खालून पोखरलेली असते. वरून घट्ट दिसते, पाय ठेवला की ढासळते, आणि पुढे एकदम खोल पाणी व जोराची ओढ. वरचं पाणी संथ दिसतं हाच धोका. पट्टीचे पोहणारेही यात बुडाले आहेत. बहुतेक ठिकाणी पोहायला बंदी आहे आणि ती गांभीर्यानं पाळतात.

वाळूवर चालत जाण्याबाबतही जपा. एप्रिलपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरय पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच ठिपकेदार असतात, पायाखाली आली तरी कळत नाही. म्हणून अशा बेटांवर त्या दिवसांत जायला मनाई असते.

पाण्यावर जायचंच असेल तर जुन्या धाटणीच्या लाकडी होडीतून फेरी मारा. त्या भागात या होडीला ‘तू’ म्हणतात. संध्याकाळची वेळ घ्या. नावाडी इंजिन बंद करतो आणि होडी प्रवाहावर सोडून देतो. तेव्हा तळाखालून वाळू सरकल्याचा खरखर आवाज ऐकू येतो. तिथे दोन वर्षं काढली, पण नदी मला कळली ती त्या आवाजानं. कयाकही भाड्यानं मिळते, पण जॅकेट घालून आणि वाटाड्याबरोबरच जा.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना? (सोलापूर)

राहणार नाही, पण वेळ सांभाळा. बाराच्या सुमाराला जेवण सुरू होतं आणि दोननंतर स्वयंपाकघरं बंद. ‘फुए’ मागा. भट्टीत भाकरीसारखी टम्म फुगणारी छोटी रोटी असते, ती गरम असतानाच फोडून आत शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया किंवा मश्रूम भरतात. या भागातल्या चुनखडीच्या जुन्या खाणींत मश्रूमची शेती होते. इथली ‘रियेत’ मात्र डुकराच्या मांसाची असते, ब्रेडवर लावलेली दिसली तर आधी विचारा. सँत-मोर हे शेळीच्या दुधाचं चीज प्रसिद्ध आहे, त्याच्या मधोमध राय या धान्याच्या ताटाची काडी असते. पण फ्रेंच चीज विरजायला बहुधा वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. कडक पाळत असाल तर ते सोडा. शुक्रवारी आणि रविवारी सकाळी नदीकाठी बाजार भरतो, रविवारचा मोठा. चेरी, स्ट्रॉबेरी, ताजा पाव घेऊन काठावर बसा.

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक. राजवाड्यात सहसा पर्यटक पाहत नाहीत असं काही आहे का? (रत्नागिरी)

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून हे तुम्हाला लगेच उमगेल. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी तुमच्या गावात आणून ठेवलं, तसं अल्जेरियाच्या अमीर अब्द अल-कादिर यांना फ्रेंचांनी आंब्वाझच्या राजवाड्यात ठेवलं. पंधरा वर्षं झुंज दिल्यावर डिसेंबर १८४७ मध्ये ते शरण आले, तेही पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखात जाऊ देण्याच्या वचनावर. ते वचन मोडलं. नोव्हेंबर १८४८ पासून १८५२ पर्यंत ते कुटुंबकबिल्यासह या दगडी भिंतींत कैदेत होते. थंडी आणि आजारपणानं त्यांच्या गोतावळ्यातली पंचवीस माणसं इथेच दगावली, त्यांत लहान मुलंही होती. ऑक्टोबर १८५२ मध्ये फ्रान्सचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष लुई-नेपोलियन स्वतः आंब्वाझला आला आणि सुटकेची बातमी दिली. थिबाला मात्र सुटका मिळाली नाही, १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच गेला. अमीर पुढे दमास्कसला राहिले आणि १८६० च्या दंगलीत त्यांनी हजारो ख्रिश्चनांना आसरा देऊन वाचवलं.

आजही हा विषय गावात थंडावलेला नाही. २०२२ मध्ये नदीकाठी त्यांच्या चेहऱ्याचं धातूचं शिल्प उभारलं, तर उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी ते तोडलं. समारंभ त्या मोडक्या शिल्पासमोरच झाला.

राजवाड्याच्या बागेच्या वरच्या अंगाला जा. त्या पंचवीस जणांसाठी रशीद कोराइची या अल्जेरियन वंशाच्या कलाकारानं २००५ मध्ये तिथे बाग रचली. प्रत्येकासाठी एक दगड, त्यावर कोरलेली अक्षरं. लिओनार्दोच्या समाधीपाशी रांग होती तेव्हा इथे मी आणि माळी, दोघंच होतो. तो दगडांभोवतीचं गवत हातकात्रीनं कापत होता, यंत्र लावलं तर दगडांवर खडे उडतात म्हणून.